अमरपट्टा आणि कलप

अमरपट्टा बांधून कुणी आलेलं नाही, असं आपण स्मशानातून परतताना म्हणतो. हॉलिवूडच्या रॉबर्ट झेमेकिसनं १९९२ साली दोन बायकांना तो चक्क चेकवर मिळवून दिला. सिनेमाचं नाव 'डेथ बिकम्स हर'.

मॅडेलिन (मेरिल स्ट्रीप) ही उतरणीला लागलेली नटी. हेलन (गोल्डी हॉन) तिची जुनी मैत्रीण, म्हणजे वैरीणच. कारण मॅडेलिननं हेलनचा ठरलेला नवरा, प्लास्टिक सर्जन अर्नेस्ट, पळवलेला. पुढं दोघीही, एकमेकींच्या नकळत, एकाच बाईकडून चिरतारुण्याचं औषध घेतात. आमचा जन्म बँकेत गेला, त्यामुळं मला मॅडेलिनचा तो व्यवहार फार भावला. आधी चेक, मग घोट आणि इशारा सगळ्यांत शेवटी! औषध पोटात गेल्यावर बाई सांगते, शरीराला जपा, आता बराच काळ एकत्र काढायचाय. आमच्याकडे हेच निदान बारीक अक्षरांत छापून तरी देतात.

मग जिन्यावरून पडून मॅडेलिनची मान उलटी फिरते, बंदुकीनं हेलनच्या पोटाला आरपार भोक पडतं. दोघी मरतात, पण जात नाहीत. या करामतींना ऑस्कर मिळालं, ते योग्यच. मला हसता हसता ठसका लागला तो मात्र नंतर. मेलेल्या कातडीला रंग द्यावा लागतो. अर्नेस्ट आता मढी सजवतो, म्हणून दोघींना तो जन्मभर हवा. (कुणाच्या जन्मभर, हा प्रश्नच आहे.) तो औषध नाकारून पळतो, रीतसर म्हातारा होतो आणि मुलाबाळांत मरतो. उरल्या या दोघी.

आता स्वतःच्या पाठीला स्वतः रंग लावता येतो का हो? माझ्या मानेमागचा कलप अजून बायकोच लावते, त्यामुळं मुद्दा चटकन कळला. जिचं तोंड बघायचं नाही तिच्याच हाती ब्रश द्यायचा, तोही अनंतकाळ! सिनेमाचं मर्म मला इथं दिसलं. तारुण्य यांना नवऱ्यासाठी नकोच होतं. दुसरीनं बघून जळावं, एवढ्यासाठीच हवं होतं. आणि बघायला आता तेवढी एकच उरली.

अर्नेस्टच्या अंत्यविधीला पाद्रीबोवा खरं अमरत्व कशात असतं ते समजावून सांगतात. ते प्रवचन कापायला हवं होतं. मागच्या बाकावर या दोघी टवाळी करतात, तेवढं पुरे होतं. बाहेर पायऱ्यांवर हेलन घसरते, हात द्यावा की नाही याचा मॅडेलिन विचार करते, आणि दोघी गडगडत खाली येऊन तुकडे तुकडे होतात. हेलनचं मुंडकं शेजारणीला विचारतं, गाडी कुठं लावलीस ते आठवतंय का?