कानामागून आले, तिखट झाले

गाण्याला समीक्षक असतात, नाटकाला असतात, हल्ली वडापावालाही आहेत. अत्तराला मात्र आपल्याकडे कोणी वाली नाही. ही रिकामी जागा पाहून मी अर्ज करीत आहे. पात्रता : बी. कॉम., वय पंचेचाळीस, एकवीस वर्षे बँकेत, त्यातली नऊ रोखीच्या खिडकीवर. तुम्ही म्हणाल, याचा अत्तराशी काय संबंध? अहो, नोटांना वास असतो! मासळीबाजाराचा भरणा, पेट्रोल पंपाचा भरणा आणि डाळीच्या डब्यात लपवलेली गृहिणीची शिल्लक मी डोळे मिटून वेगळी काढून दाखवीन. २०१६ च्या नोव्हेंबरात तर हा तिसरा वास अख्ख्या शाखेत घुमत होता. हिंग, हळद आणि नवऱ्यांचे आश्चर्य!

तर परीक्षणासाठी घेतलेले अत्तर शमामा. मुक्काम कनौज, म्हणजे सातव्या शतकातली हर्षवर्धनाची राजधानी. राज्य गेले, अत्तर राहिले.

खरे तर मी मोहम्मद अली रोडवर गेलो होतो गुलाबासाठी. २०२१ च्या एप्रिलात करोनाने आमच्या घरी हजेरी लावली आणि जाताना सौ.चा वास घेऊन गेला. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला : गुलाब, लिंबू, निलगिरी आणि लवंग, रोज दोन वेळा, मन लावून हुंगायचे. बुडीत खात्यात वसुली होते तसा वास हप्त्याहप्त्याने परत येऊ लागला. लिंबू आले, लवंग आली. कॉफीला मात्र कित्येक महिने जळक्या रबराचा वास येत होता. पण सगळी वसुली काही झाली नाही. गोडा मसाला करताना ती अजून शेजारच्या जोशीकाकूंना हाक मारायची, "काकू, दगडफूल झालं का हो तळून? बघता जरा?" काकू यायच्या, हुंगायच्या, "झालं गं" म्हणून जायच्या. मसाला उत्तम व्हायचा. त्या दिवशी ती जेवायची मात्र कमी.

दुकानातल्या म्हाताऱ्या चाचांनी गुलाब दिला आणि न विचारता माझ्या मनगटावर काचेच्या काडीने दुसरेच काहीतरी टेकवले. कुपीवर लिहिले होते शमामतुल अंबर. मी सवयीने विचारले, "लेडीज या जेंट्स?"

"अत्तर है साहब," ते म्हणाले, "लोकल का डिब्बा नहीं."

मी तीन मिलीची कुपी घेतली. किंमत ऐकून आधी चष्मा पुसला, मग घेतली.

दुसऱ्या दिवशी फाया कानात ठेवून कामावर निघालो. पहिला अर्धा तास काही खरे नाही, हे समीक्षक म्हणून स्पष्ट सांगतो. काष्ठौषधींच्या दुकानात कोणीतरी सगळे खण एकदम ओढावेत असा वास. गाडीत शेजारच्या गृहस्थांनी आपुलकीने विचारले, "गुडघ्याला कुठलं तेल लावता?" पण बँकेत पोचेपर्यंत पडदा बदलला होता. लवंग, वेलची, जायफळ, जायपत्री हळूहळू पुढे आली. कानामागून आली आणि तिखट झाली ही म्हण मी तेव्हा पहिल्यांदा शब्दशः अनुभवली. दुपारी साहेब टेबलाजवळ थबकले आणि "देवळात जाऊन आलात का?" म्हणाले. आणि संध्याकाळी, दिवसभराचा घाम पोटात घालून, खाली राहिले ते चंदन आणि एक उबदार, किंचित गोडसर, जुन्या लाकडी पेटीसारखे काहीतरी. मला विचाराल तर शमामा खरा सुरू होतो तो तिथे. बाजारातले फवारे दारातूनच "मी आलो!" म्हणून ओरडतात आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत निघून जातात. हा पाहुणा येताना पंचाईत करतो, पण मग घरचाच होतो.

त्या उबेला जाणकार अंबर म्हणतात. या शब्दाने मला दोन दिवस छळले. एक अंबर म्हणजे पिवळा मणी, झाडाच्या राळेचा लाखो वर्षांनी झालेला दगड. त्याला नुसता हुंगला तर वास जवळजवळ नाहीच. दुसरा अंबर स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतो आणि समुद्र तो किनाऱ्यावर आणून टाकतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे त्याचा व्यापार करता येत नाही, तेव्हा कोणी तारण म्हणून घेऊन आला तर आम्ही पोलिसांना बोलावू. आणि तिसरा, अत्तरवाल्यांचा. लॅब्डनम नावाची भूमध्य समुद्राकडची राळ, लोबान आणि व्हॅनिला एकत्र करून कल्पनेने रचलेला वास. म्हणजे नाव एकाचे, खाते दुसऱ्याचे आणि सही तिसऱ्याची. बँकेत याला बेनामी म्हणतात, अत्तरात घराणे म्हणतात.

शमामाची ऊब पुन्हा वेगळ्याच रीतीने येते. तांब्याच्या डेगात पाणी आणि मसाले, मुळ्या घालायच्या, झाकणाची फट मातीने लिंपायची, बांबूच्या नळीतून वाफ शेजारच्या भपक्यात न्यायची. भपका पाण्याच्या हौदात बसलेला, त्यात चंदनाचे तेल. वाफेने आणलेला वास तेलाने पोटात घ्यायचा, असे कित्येक दिवस पुन्हा पुन्हा. आच किती हे कारागीर हाताने जोखतो. प्रत्येक घराचा पाठ वेगळा आणि गुप्त. चाचांनी बोटावर मोजून काही नावे सांगितली होती : जटामांसी, नागरमोथा, कपूरकाचरी, छडीला. छडीला म्हणजे काय ते मी विचारले नाही. खातेदाराचे सगळेच समजले पाहिजे असे थोडेच आहे?

१९९४ साली अमेरिकेत सीके वन नावाचे बायका-पुरुष दोघांचे सेंट निघाले आणि फार गाजले. स्वच्छ, लिंबाच्या अंगाचे. बायकी म्हणावे असे काही ठेवायचे नाही, पुरुषी म्हणावे असेही नाही, असा तो सरळ वजाबाकीचा हिशेब. शमामात सगळी बेरीज. आजीची पेटी, आजोबांची शाल, उटणे, फडताळ, देवघर. दोष एकच, की चंदनाचे तेल इतके महाग झाले आहे की स्वस्त कुपीत बहुधा दुसरेच तेल असते. चंदन नसेल तर उरतो तो नुसता काढा.

हे सगळे मी घरी येऊन सौ.ला ऐकवत होतो. ती कणीक मळत होती. "बडबड पुरे, कान इकडे करा," म्हणाली. हुंगले. परत हुंगले. "दगडफूल."

मी म्हटले, "अगं, अत्तर आहे ते."

"दगडफूलच. आणि उटण्यातला नागरमोथा."

नागरमोथा बरोबर होता, पण मी कारकून. कागद पाहिल्याशिवाय जमा करीत नाही. मनात म्हटले, आठवणीतून बोलत असेल. सुट्टीच्या चौथ्या शनिवारी डब्यातला दगडफुलाचा तुकडा खिशात घालून गेलो आणि चाचांपुढे ठेवला. त्यांनी तो चिमटीत धरून माझ्याकडे असे पाहिले, की खिडकीवर खोटी नोट घेऊन मीच उभा आहे.

"यही तो छड़ीला है, साहब."

रविवारी तिने मसाला केला. दगडफूल तेलात पडले, मी दाराकडे पाहत होतो. तिने जोशीकाकूंना हाक मारली नाही. कुपी सध्या मिसळणाच्या डब्यात आहे, मला हवी असली तर मागून घ्यावी लागते.