आरेन्टबाईंचं ‘आम्ही’ आणि सी-वनची परीक्षा

मागच्या खेपेला प्रश्नोत्तरांत एकांनी विचारलं होतं, निर्वासितांबद्दल तत्त्वज्ञांनी कधी काही लिहिलंय का? लिहिलंय. आणि ज्या बाईंनी लिहिलं त्या स्वतःच निर्वासित होत्या. हॅना आरेन्ट यांचा ‘वी रेफ्युजीज’, म्हणजे ‘आम्ही निर्वासित’, हा छोटा निबंध जानेवारी १९४३मध्ये ‘मेनोरा जर्नल’मध्ये छापून आला. आम्ही तो वर्गात बरेचदा शिकवला. आता मात्र वाटतं, त्याची एक बाजू आमच्याकडून राहूनच गेली.

निबंध उपरोधानं भरलेला आहे. घर गेलं, व्यवसाय गेला, भाषा गेली, आणि तरी आम्ही मजेत आहोत असं सांगत फिरणारे लोक बाईंनी रंगवलेत. वर्षभरात इंग्रजी मातृभाषेसारखी बोलतो म्हणणारे, दोन वर्षांनी जर्मन आठवतसुद्धा नाही म्हणणारे. त्यात एका डाखशुंड कुत्र्याची गोष्ट आहे. बिचारा परमुलखात येऊन सांगतो, मी पूर्वी सेंट बर्नार्ड होतो. वर्ग इथं हमखास हसायचा. आम्हीही हसायचो. पण त्या कुत्र्याला सेंट बर्नार्ड असल्याचा दाखला कुणी मागितला असता तर काय, हे आमच्या कधी मनातही आलं नाही.

बाईंचं म्हणणं असं की भाषा जाते तेव्हा नुसते शब्द जात नाहीत, प्रतिक्रियांमधला सहजपणा जातो. हे आम्हाला शंभर टक्के पटतं. भाषा म्हणजे हत्यार, एक हरवलं तर दुसरं घ्यावं, असं समजणाऱ्यांना हे उत्तर पुरेसं आहे.

पण मग बाई स्वतः इंग्रजी शिकल्या कुठं? १९३३मध्ये त्यांनी जर्मनी सोडली, पॅरिसला राहिल्या, १९४०मध्ये गुर्सच्या छावणीत अडकल्या, मे १९४१मध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. त्याच उन्हाळ्यात निर्वासितांना मदत करणाऱ्या एका संस्थेनं त्यांची मॅसॅच्युसेट्समधल्या विंचेस्टर गावी एका अमेरिकन कुटुंबात काही आठवडे सोय केली. तिथं राहायचं, बोलायचं, चुकायचं. पुढं दोन वर्षांच्या आत त्यांनी हा निबंध लिहिला, तोही इंग्रजीत! झटपट इंग्रजीची थट्टा करणारा निबंध झटपट शिकलेल्या इंग्रजीत. आणि त्या घराचा त्यात उल्लेख नाही. आमची पहिली तक्रार ही.

दुसरी तक्रार मोठी आहे. बाईंचा ‘आम्ही’ दिसतो तेवढा सर्वांचा नाही. त्या आल्या तेव्हा त्यांच्या नावावर हायडेलबर्गची डॉक्टरेट होती, यास्पर्सकडे केलेली. जिथं जाईल तिथं दीडशे टक्के तिथलाच होणारा त्यांचा तो मिस्टर कोन आम्हालाही हास्यास्पद वाटतो. पण एकोणीस वर्षांच्या, बारावी अर्धवट राहिलेल्या पोरानं काय करायचं? जुळवून घेणं ही त्याची हौस नसते. त्याशिवाय त्याला आत घेतच नाहीत. (आम्ही ‘आम्ही’ म्हणतो ती जुनी प्राध्यापकी खोड आहे, तिला फार मनावर घेऊ नका.)

आता बाईंच्याच मायदेशाकडे बघू. २०१५नंतर सीरिया, इराक, अफगाणिस्तानातून लाखो लोक जर्मनीत आले. त्यांच्यासाठीच्या सरकारी वर्गात साधारण ६०० तास भाषा आणि १०० तास देशाची ओळख, ध्येय बी-वन. बी-वन म्हणजे डॉक्टरकडे, बँकेत, घरमालकाशी निभावतं. विद्यापीठात जर्मन माध्यमाला मात्र बहुतेक ठिकाणी सी-वन लागतं : टेस्टडाफ परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन, बोलणं या चारही भागांत चौथी पायरी, नाहीतर डीएसएच-२. या दोन पायऱ्यांच्या मधे माणूस लोंबकळतो. त्याचं वयही वाढत असतं, आणि घरच्यांना पैसे हवे असतात. कागद हरवलेल्यांचं काय करायचं यावर शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेनं डिसेंबर २०१५मध्ये वाट काढून दिली, हे मान्य केलं पाहिजे. विद्यार्थी-देवघेवीचं काम बघणाऱ्या ‘डाड’नंही दोन योजना आणल्या. ‘इंटेग्रा’मधून विद्यापीठांत भाषेचे आणि विषयाचे वर्ग, ‘वेल्कम’मधून तिथल्याच विद्यार्थ्यांनी नव्यांना दिलेली सोबत.

कल्पना उत्तमच. पण ही फाळणी बघा. भाषा एका खात्यात, सोबत दुसऱ्या खात्यात! जणू भाषा वर्गात येते आणि सोबत ही वरची साय. आमच्या मते ‘वेल्कम’ हाच खरा भाषेचा वर्ग. बी-वनवाला विचारलेल्याचं उत्तर देतो, सी-वनवाल्याला वाद घालता यावा लागतो, आणि परक्याशी कुणी वाद घालत नाही, ओळखीच्याशी घालतो. १९६४च्या दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत आरेन्टबाई म्हणाल्याच होत्या, की मातृभाषा विसरलेली माणसं दुसऱ्या भाषेत ठोकळेबाज वाक्यांवर वाक्यं बोलत जातात. परीक्षेच्या तयारीचे वर्ग नेमकी हीच ठोकळ्यांची विद्या शिकवतात.

हे आम्ही पुस्तकातून बोलत नाही. ऑगस्ट २०२१नंतर पुण्यातल्या अफगाण विद्यार्थ्यांना परत जायला देशच उरला नाही. भारतानं १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, म्हणून कागदोपत्री ते निर्वासितही नव्हते, व्हिसा संपत आलेले विद्यार्थी होते. त्यातला एकजण दर रविवारी आमच्याकडे येई. एम. ए. तत्त्वज्ञान. इंग्रजी चांगलं वाचायचा, पण आम्ही कान्ट समजावला की ‘येस सर’, हेगेल समजावला की ‘येस सर’. तीन महिने हेच. मग एकदा आमच्या सौभाग्यवतींनी पुलावात गाजर आधीच टाकलं. हा उठून स्वयंपाकघरात गेला. मोडकी हिंदी, इंग्रजी, जमेल तेवढी मराठी, पण पहिल्यांदाच हातवारे करून भांडला : आई, असं नाही, गाजर वेगळं परतायचं, वरून घालायचं. पुढच्या आठवड्यात कर्तव्याच्या प्रकरणावर तो आम्हाला म्हणाला, “नो सर, आय डोन्ट अ‍ॅग्री.”

त्याचा पुढचा प्रवेश मात्र काबूलहून न आलेल्या एका मूळ गुणपत्रिकेवर अडला होता. खिडकीतल्या बाबूंना आम्ही दोनदा भेटलो. नियम दाखवला त्यांनी. त्या रविवारीही तो आला. गाजराचा वाद अजून मिटला नव्हता.