दोन रेषा, ऐंशी महिने

संशोधनातल्या आकड्यांत रस कसला, असं वाटणाऱ्यांनी ऑस्लोची ‘कॉमेट’ चाचणी सावकाश वाचावी. मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतात पसरलेले २८० रुग्ण. २०१२ ते २०१६ हा काळ. चिठ्ठी टाकावी तशी निवड झाली आणि १३३ जणांच्या वाट्याला दुर्बिणीची शस्त्रक्रिया आली, १४७ जणांच्या वाट्याला पोट उघडून केलेली.

पहिली दाद मांडणीला. अर्धं यकृत काढावं लागणारे रुग्ण यात घेतलेच नाहीत. दोन्हीकडे आतलं काम एकच, गाठ आणि तिच्याभोवतीची थोडी कड काढायची, बाकीचं यकृत राखायचं. फरक उरला तो फक्त आत शिरण्याच्या वाटेचा. मुख्य प्रश्नही माफक ठेवला. जास्त कोण जगतं, हे नव्हे. पहिल्या तीस दिवसांत गुंतागुंत कोणाला होते, एवढंच. दुर्बिणीकडे १९ टक्के, उघड्याकडे ३१. रुग्णालयातला मुक्काम ५३ तास, समोर ९६.

माझं मन मात्र रमतं ते जिथे काहीच फरक पडला नाही तिथे. रक्तस्राव, वेळ, खर्च, सगळं जवळपास सारखं. आणि कापलेल्या कडेवर कर्करोग न उरण्याचं प्रमाणही. जुनी धास्ती हीच होती, की यकृत हाताने चाचपता आलं नाही तर खोलवरची गाठ निसटेल. यकृतावर टेकवलेल्या सोनोग्राफीच्या दांडीने बोटांची उणीव भरून काढली.

२०२१ साली उत्तरार्ध आला. निम्मे रुग्ण हयात असण्याचा काळ दुर्बिणीकडे ८० महिने, उघड्याकडे ८१. आलेखातल्या दोन रेषा एकमेकींना सोडतच नाहीत.

पण रसिकाने इथेच टाळी वाजवून उठू नये. पाच वर्षं आजार न उलटलेले दुर्बिणीकडे ३० टक्के, उघड्याकडे ३६. संख्याशास्त्र म्हणतं, हा योगायोगही असू शकतो. खरं आहे, मात्र जगण्यातला बारीक फरक पकडण्याच्या हिशेबाने ही चाचणी आखलेलीच नव्हती. शिवाय रुग्णालय एकच, हात सरावलेले. आणि आपल्यावर कोणती शस्त्रक्रिया झाली, हे रुग्णाला ठाऊक होतं, डॉक्टरांनाही. तरी १९ आणि ३१ हे आकडे मी मानतो. पण घरी कधी सोडायचं, या निर्णयावर त्या ठाऊक असण्याची छाया पडू शकते, म्हणून ते ५३ तास थोडे सांभाळूनच वाचतो.