टाळ्या वाढल्या, दाद कुठे गेली?

ख्याल गाणाऱ्याच्या बाबतीत लोकांचे मत गाणे संपेपर्यंत थांबत नाही. कादंबरीकाराला अभिप्राय कळतो तेव्हा पुस्तक छापून झालेले असते. गवयाची कलाकृती मात्र लोकांसमोरच घडत असते. तो समेवर येतो आणि पुढच्या रांगेतली एखादी जाणती मान हलते किंवा हलत नाही, आणि त्याचे पुढचे आवर्तन त्यावर बदलू शकते. त्यामुळे कलावंताने बाहेरच्यांचे ऐकावे की नाही, हा प्रश्न आपल्या संगीतात फार जवळून विचारला जातो. ऐकावे, असे मला वाटते. पण ते ऐकणे तालमीच्या खोलीत व्हावे, मंचावर नव्हे. आणि आज ज्यांचे ऐकावे असे मत देणारेच दुर्मीळ झाले आहेत, याची मला जास्त चिंता वाटते.

मंचावर ऐकत राहिल्याने काय होते, ते संगीत नाटकाने दाखवून दिले आहे. १८८० च्या ‘शाकुंतल’पासून हे नाटक फुलत गेले. १९१६ च्या ‘स्वयंवर’मध्ये भास्करबुवा बखल्यांच्या चालींनी ख्यालाची श्रीमंती थेट रंगमंचावर आणली. बालगंधर्वांच्या प्रत्येक पदाला ‘वन्स मोअर’ पडू लागला आणि तेही तेच पद दर वेळी नव्या जागा घेऊन गात राहिले. रसिकांना याहून मोठे सुख ते कोणते? पण प्रयोग पहाटेपर्यंत लांबू लागले आणि नाटक गाण्याच्या मागे फरफटत गेले. पुढे त्या रंगभूमीची पडझड झाली, त्याला बोलपट आणि कर्जबाजारीपणा ही मोठी कारणे होतीच. तरीही प्रेक्षकांची प्रत्येक मागणी पुरवता पुरवता तिने आपला कणा आधीच मऊ करून घेतला होता, असे मी मानतो.

याच्या अगदी उलट उदाहरण कुमार गंधर्वांचे. सुळेभावीला १९२४ मध्ये जन्मलेला हा मुलगा बड्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवी आणि सभाच्या सभा थक्क होत. लोकांच्या कौतुकावरच जगायचे असते तर तो त्या नकलेत आयुष्यभर सुखाने राहिला असता. त्याचे गुरू प्रा. देवधर यांनी त्याला त्यातून बाहेर काढले. नंतर क्षय झाला. १९४८ मध्ये देवासला मुक्काम हलला आणि पुढची काही वर्षे गाणे बंद राहिले. त्या काळात माळव्याची लोकगीते कानावर पडत होती. परत गायला लागले तेव्हा लहान लहान तुकड्यांची, क्षणात उसळून क्षणात थांबणारी गायकी लोकांसमोर आली. जाणकारांच्या भुवया उंचावल्या. यांना घराणे नाही, विलंबिताचा विस्तार नाही, परंपरेचा धाक नाही, असे आक्षेप वर्षानुवर्षे होत राहिले.

कुमारजींनी हे आक्षेप ऐकलेच नाहीत, असे मात्र नाही. घराण्याची शिस्त म्हणजे काय, याची मांडणी ‘घरंदाज गायकी’ या १९६१ च्या पुस्तकात करणारे वामनराव देशपांडे पेशाने चार्टर्ड अकाउंटंट होते, मोगूबाई कुर्डीकरांकडे शिकलेले होते, आणि कुमारजींचे जवळचे स्नेही होते. घराण्याला न मानणारा गवई आणि घराण्याची बाजू मांडणारा समीक्षक एकमेकांसमोर बसून वाद घालू शकत होते. पुढे वामनरावांचे चिरंजीव सत्यशील देशपांडे कुमारजींचेच शिष्य झाले. मला हे नाते फार मोलाचे वाटते. वामनरावांसाठी कुमारजींनी आपले गाणे बदलले नाही, पण आपण काय करतो आहोत हे त्यांना स्वतःशी स्पष्ट करावे लागले असणार. १९६५ मध्ये ‘अनूपरागविलास’ आले. स्वतःच्या बंदिशींचा असा लेखी हिशेब मांडणारा माणूस बेफिकीर नसतो.

किशोरीताई आमोणकरांच्या बाबतीत गुंता आणखी खोल आहे, कारण तिथे टीकाकार खुद्द आई होती. ‘गीत गाया पत्थरों ने’ या १९६४ च्या चित्रपटासाठी त्या गायल्या तेव्हा, सिनेमात गायचे असेल तर माझ्या तंबोऱ्यांना हात लावायचा नाही, असे मोगूबाईंनी बजावले, ही हकीकत किशोरीताईंनी स्वतःच सांगितली आहे. त्यांनी आईचे ऐकले. पण जयपूर गायकीची घट्ट वीण सैल करून रागाच्या भावाकडे वळायचे ठरवले, तेव्हा ना घराण्यातल्या जुन्या कानांचे ऐकले ना समीक्षकांचे. आणि १९९० मध्ये ‘दृष्टी’ या चित्रपटाला त्यांनीच संगीत दिले, मोगूबाई हयात असताना. आज्ञाधारक की बंडखोर, असा शिक्का त्यांच्यावर मारता येत नाही. कोणते मत आपल्या गाण्याला आत्ता लागू आहे, हे त्या वेळोवेळी नव्याने ठरवत होत्या.

बाहेरचे मत देण्याचा सरकारी प्रयत्नही झाला: १९५२ नंतर आकाशवाणीने कलावंतांची चाचणी घेऊन श्रेणी द्यायला सुरुवात केली. नावाजलेल्या अनेक गवयांनी विरोध केला आणि तो रास्तच होता. समितीच्या गुणांतून पात्रता कळते. गाणे कुठे अडले आहे, ते कळत नाही.

ते सांगणारे लेखक एके काळी मराठीत होते. केशवराव भोळ्यांनी ‘एकलव्य’ या नावाने हयात गवयांवर लिहिले. तेच ‘संत तुकाराम’ आणि ‘कुंकू’ या चित्रपटांचे संगीतकार. गोविंदराव टेंबे पेटी वाजवत, चाली बांधत आणि लिहीत. अशोक रानडे गायचे आणि शास्त्रही मांडायचे. या लोकांचा शब्द बोचायचा, कारण त्यामागे सुरांशी स्वतः केलेली झटापट होती. आज वृत्तपत्रात मैफलीची बातमी येते: अमुक राग गायले, रसिक मंत्रमुग्ध झाले. तरुण गायिकेने बिहागातला तीव्र मध्यम जरा जास्त वापरला का, हे तिला कोण सांगणार?

उरतात टाळ्या. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ मध्ये सुरू झाला, आणि पुढे रात्ररात्र चालत असे. रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकांवर निर्बंध आल्यावर अशा महोत्सवांचे वेळापत्रकच बदलले. उत्तररात्रीचे राग मंचावरून जवळपास गेले आणि कलावंताच्या वाट्याला तास-दीड तास येऊ लागला. हजारोंच्या समुदायात टाळी पडते ती द्रुत तानेला, तिहाईला, तबल्याबरोबरच्या सवाल-जबाबाला. संथ आलापातल्या एका अचूक गंधाराला टाळी पडत नाही, पडूही नये. पण ऐकू येणारे मत तेवढेच असेल, तर हुशार मुले तिकडे वळणारच. विलंबित उरकले जाते आणि घाई कानाला जाणवते. यात त्या मुलांचा दोष मला फारसा दिसत नाही.

या सगळ्यात एक माणूस असा आहे की ज्याला खरे कळते: साथीदार. तबलजी आणि पेटीवाले वर्षभर कितीतरी गायकांच्या शेजारी बसतात. कोणाची लय कुठे डळमळते, कोण तीच तान गावोगाव गातो, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. पण पुढचे आमंत्रण गायकाच्या शब्दावर अवलंबून असल्याने ते बोलत नाहीत. महोत्सवांनी निदान तरुण गायकांसाठी दुसऱ्या दिवशी सकाळी एक छोटी बैठक ठेवावी. तिथे गायक, साथीदार आणि एक-दोन जुने श्रोते यांनी आदल्या दिवशीचे ध्वनिमुद्रण मिळून ऐकावे आणि मोकळेपणी बोलावे. तिथे बोलल्याबद्दल कुणाची साथ तुटणार नाही, ही हमी ज्येष्ठ गायकांनी द्यावी. तशी हमी देण्याइतके वजन आज फक्त त्यांच्याकडेच आहे.