पावाची बाजू

मराठीत समीक्षा कशाची झाली नाही? कवितेची झाली, नाटकाची झाली, समीक्षेचीही समीक्षा झाली. परंतु जी वस्तू मराठी माणूस कवितेपेक्षा नक्कीच जास्त वेळा आणि जास्त मनापासून ग्रहण करतो, त्या वडापावविषयी आमची टीका 'भारी', 'बेकार' आणि 'पूर्वीसारखा राहिला नाही' या तीन शेऱ्यांपलीकडे गेलेली नाही. रत्नागिरीत तर आणखी पंचाईत. इथे 'वाईट नाही' हा सर्वोच्च पुरस्कार आहे आणि तोही बहुधा मरणोत्तर देतात.

हा विषय माझ्या गळ्यात पडला तो बर्गरमुळे. आमच्या शाखेतल्या तरुण मंडळींनी ठरवले, की मारुती मंदिर ते जयस्तंभ या पट्ट्यातला सर्वांत चांगला बर्गर कोणता याचा एकदा छडा लावायचा. परीक्षक म्हणून माझी नेमणूक झाली. "सर, तुमचं पोट अनुभवी आहे," असे एका मुलीने सांगितले. बदलीच्या ऑर्डरपेक्षा हे बरे, म्हणून मी होकार दिला.

बर्गरचा तपास तीन संध्याकाळींत आटोपला. वरचा पाव फुगीर, त्यावर तीळ, आत कोबीचे पान, पांढरी गुळगुळीत चटणी आणि मधोमध तळलेली चपटी टिक्की. टिक्की उघडून पाहिली तर आत बटाटा! 1996 साली मॅकडोनाल्ड कंपनी हिंदुस्थानात आली, तेव्हा तिलासुद्धा पुढे बटाट्याच्या टिक्कीपुढेच मान तुकवावी लागली. मग आमच्या माळनाक्याची काय कथा? म्हणजे बर्गर हा वडापावच, फक्त कॉन्व्हेंटात घातलेला. नावही पाहा. बर्गर हे नाव हँबुर्ग या जर्मन बंदरावरून पडले. त्यात काय घातले आहे याचा नावात पत्ता नाही. वडापाव कसा, पासबुकासारखा सरळ. जमा वडा, जमा पाव, शिल्लक काही नाही.

तेव्हा मी मंडळींना सांगितले, की बर्गरचा निकाल राखून ठेवू. मूळ फिर्याद चालवू. ती चालवायला पुढे पावसाळा धरून चार महिने लागले.

आता वडापाव आमचा, आमच्या मातीतला, असे आपण छातीठोकपणे म्हणतो. मी जरा मालमत्तेची कागदपत्रे तपासली. बटाटा अमेरिकेतून पोर्तुगिजांनी आणला. 'बटाटा' हा शब्दही त्यांचाच. मिरची त्याच बोटीने आली. पाव तर पोर्तुगीज 'पांव'. शिल्लक राहिले बेसन, लसूण आणि कुठला वडापाव चांगला यावरचे भांडण. एवढे तीन मात्र अस्सल आपले.

या पावाला आपल्या घरांत शिरायलाही फार वेळ लागला. गोव्याकडचे पोदेर पीठ आंबवायला माडी वापरत. शिवाय तो कोणाच्या हातचा, हा प्रश्न होताच. रत्नागिरीला हे हातचे प्रकरण चांगले ठाऊक आहे. 1924 ते 1937 सावरकर इथे स्थानबद्ध होते. 1931 साली भागोजीशेठ कीर यांनी बांधलेले पतितपावन मंदिर उघडले आणि 1933 साली सगळ्या जातींच्या हिंदूंसाठी उपाहारगृह निघाले. शेजारी बसून चहा प्यावा यासाठी त्या काळी चळवळ करावी लागे. आज वडापावच्या गाडीवर कोण कोणाशेजारी उभे आहे हे कोणी विचारत नाही. अर्थात बसायला बाकच नसते, हेही एक कारण असेल.

वडा पावात गेला तो 1966 च्या सुमारास, दादर स्टेशनाबाहेर, अशोक वैद्य यांच्या गाडीवर, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्याच वर्षी शिवसेनाही निघाली. दोन्ही तिखट, आणि दोघींनी मराठी तरुणाला हाताशी धरले. पण वडापाव खरा वाढला तो गिरणगावात, आणि गिरणगावात तो खाणारा कोण, तर आपल्याच जिल्ह्यातून गेलेला चाकरमानी. पाळी सुटली, डबा नाही, खिशात चिल्लर, आणि लोकल पकडायची आहे. एका हाताने खाता येईल, उभ्याने संपेल आणि पुढचे चार तास पोटात टिकेल असे काय आहे? 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यांतले पुष्कळ जण परत आत गेलेच नाहीत. वडापाव खाणाऱ्यांपैकी कित्येकांनी मग वडापाव विकायला घेतला. हा इतिहास मी सांगतो आहे तो विद्वत्तेसाठी नव्हे. वडापावला मार्क द्यायचे तर तो कशासाठी जन्मला हे आधी धरावे लागते. नाहीतर शिडीला 'ही सोफ्यासारखी मऊ नाही' म्हणून नापास करण्यासारखे होते.

पहिली गाडी मारुती मंदिराच्या बाजूची. हिची कीर्ती मोठी. संध्याकाळी सहाला रांग, आठला गर्दी, नवाला दंगल. पैसे भरले की एक खोका बाईच्या आवाजात किती रुपये आले ते सगळ्या चौकाला सांगतो, त्यामुळे डॉक्टरांनी तळलेले बंद केलेल्या माणसाने इथे येऊ नये. वडा क्रिकेटच्या चेंडूएवढा. त्यावर बेसनाची रजई. सोडा सढळ घातल्यामुळे रजई फुगते आणि तेल पिते. आत चीज, बाहेर चीज, वर ती पांढरी चटणी. पाव बिचारा या प्रकाराखाली कुठेतरी असतो. तो दिसत नाही, लागत नाही, फक्त हाताला तेल लागू नये म्हणून नेमलेला. हा वडापाव जेवून उठलेल्या माणसांसाठी केलेला आहे. वाईट नाही, पण भूक लागलेली असताना खाल्ला, तर वडा आणि पाव दोन वेगवेगळ्या गावचे पाहुणे वाटतात.

दुसरी गाडी माळनाक्याच्या बाजूला एका मावशींची. यांच्या भाजीला तोड नाही हे मी लेखी द्यायला तयार आहे. बटाटा उकडून हाताने फोडलेला, लगदा केलेला नाही. दाताखाली अधूनमधून खडा लागतो. लसूण, मिरची, आले खलबत्त्यात ठेचलेले, मिक्सरमध्ये फिरवून पाणी केलेले नाही. बेसनात कढत तेलाचे मोहन, त्यामुळे आवरण पातळ आणि कुरकुरीत. चटणीत सुके खोबरे. नारळ दारात पडणाऱ्या मुलखात खोबऱ्याची काटकसर करणारा गाडीवाला मी तरी माफ करत नाही.

मग अडले कुठे? पावावर. मावशी पाव सकाळी एकदाच घेतात आणि गाडी लावतात दुपारी चारला. थंडीत हे खपून जाते. पण आमच्या पावसात पाव म्हणजे टीपकागद. हवेतला सगळा ओलावा तो पिऊन घेतो, वरची साल मऊ पडते आणि पाव वातड होतो. त्यात गरम वडा ठेवला की वाफेने आतली बाजू ओली होते. जुलैत मी इथे एक वडापाव दोन्ही हातांनी ओढून तोडला आहे. "मावशी, चारचा ताजा पाव का घेत नाही?" विचारले तर म्हणाल्या, "वडा चांगला असला की पावाला कोण विचारतो?"

इथेच माझा साऱ्या महाराष्ट्राशी मतभेद आहे. वडापावची तारीफ म्हणजे वड्याची तारीफ, असे आपण धरून चाललो आहोत. पाव म्हणजे नाटकातला 'पत्र आले आहे, सरकार' म्हणणारा नोकर! वास्तविक तोंडात आधी पाव जातो, पोट भरतो पाव, तिखट झेलतो पाव. आणि पावापावांतही फरक असतो. लादीच्या कडेच्या पावाला एका बाजूने साल असते, कोपऱ्याच्या पावाला दोन बाजूंनी. तो चहात बुडवायला उत्तम. वडापावला मधला पाव हवा, चारी बाजूंनी मऊ, म्हणजे दाबला की वड्याला धरून बसतो. हा भेद ओळखून मधले पाव बाजूला ठेवणारा गाडीवाला मला या पट्ट्यात एकच भेटला.

ही तिसरी गाडी, जयस्तंभाच्या बाजूला. कोर्ट आणि कलेक्टर कचेरी जवळ, त्यामुळे गिऱ्हाईक वेगळे. लांजा, राजापूर, संगमेश्वर, कुठून कुठून सकाळच्या एस.टी.ने आलेली माणसे. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत सातबारा, सातबाऱ्यावर सतरा नावे. कोणाची तारीख पडलेली असते, कोणाचे साहेब दौऱ्यावर असतात. ही मंडळी वडापाव 'खायला' येत नाहीत. त्यांचे ते दुपारचे जेवण असते.

इथला वडा मावशींच्या वड्याच्या जवळपासही नाही, हे आधी मान्य करून टाकतो. बेताचा आहे. पण त्यात मीठ-लसूण किंचित वरचढ, कारण त्याला पूर्ण एक पाव ओढून न्यायचा असतो. सोडा जवळजवळ नाही, म्हणून थंड झाल्यावर तेलकट लागत नाही. हे मला कळले एका म्हातारीमुळे. तिने दोन घेतले, एक खाल्ला, दुसरा कागदात बांधून पिशवीत ठेवला. मी गाडीवाल्याकडे पाहिले. तो म्हणाला, "निम्मे लोक एक बांधून नेतात, साहेब. संध्याकाळच्या गाडीत खातात. गरम वडा काय, कोणाचाही चांगला लागतो." मराठी समीक्षेत इतके नेमके वाक्य मी अलीकडे वाचलेले नाही.

मी त्या दिवशी एक बांधून घेतला आणि संध्याकाळी सातला घरी खाल्ला. बायकोने विचारले, "हे काय आता?" म्हटले, "परीक्षण." वडा गार होता, पाव चेपलेला होता, चटणी दोघांत मुरली होती, आणि तिघांचे मिळून एकच काहीतरी झाले होते. हाच प्रयोग मी मारुती मंदिराच्या वडापाववर केला. त्याचा अहवाल कुत्र्यानेही स्वीकारला नाही.

हा गाडीवाला पाव दोनदा घेतो, अकराला एकदा आणि चारला पुन्हा. दोन खेपांत घेतले की बेकरीवाला दरात सूट देत नाही, तरी घेतो. बी.कॉम.ला शिकलेले कॉस्टिंग आयुष्यात एकदा तरी वापरावे म्हणून मी त्याचा हिशेब मांडला. बटाटा, बेसन, तेल, 19 किलोचा सिलिंडर, दोनदा पाव. बाकी सगळे 20 आणि 25 रुपयांवर गेले असताना हा 15 ला देतो आणि वर मूठभर चुरा. "पाच रुपये वाढवा की," मी म्हटले. बँकेतल्या माणसाला दुसऱ्याच्या पैशाची काळजी फार.

"वाढवले असते, साहेब. पण ही माणसं एस.टी.चं भाडं मोजून येतात. पाच वाढवले तर दोनाऐवजी एकच घेतील. बांधून न्यायचा राहून जाईल."

कोणी म्हणेल हे अर्थशास्त्र झाले, चव कुठे आली? शाखेतल्या मुलीने हेच विचारले. मी म्हटले, अगं, त्याचा वडा ज्या प्रकारचा झाला आहे तो या गिऱ्हाइकामुळेच ना? सोडा कमी, लसूण जास्त, पाव ताजा, दर 15. जो बांधून न्यायचाच नाही त्याच्यात यातले काहीही सांभाळावे लागत नाही. मग चीज घालता येते. माझा निकाल जयस्तंभाच्या बाजूने. मावशींना वड्याचे स्वतंत्र पारितोषिक, आणि त्यांनी चारचा पाव घेतला तर फेरविचार. मुलीने निकाल मान्य केला नाही. तिचे मत अजून मारुती मंदिराकडेच आहे.

एक व्यवहाराची गोष्ट. 2023 साली अन्न सुरक्षा प्राधिकरणाने वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत असे पुन्हा बजावले, शाई पोटात जाते म्हणून. जयस्तंभावर आता कोरा कागद मिळतो. प्रकृतीला ते चांगलेच, पण वडा संपल्यावर वाचायला काही उरत नाही. आणि मे महिन्यात तिकडे जाऊ नका. कोर्टाला सुट्टी असते आणि गाडीवाला गावी आंब्याच्या कामाला जातो. मुंबईचे पाहुणे नेमके तेव्हाच येतात आणि रत्नागिरीत वडापाव बरा मिळत नाही असे सांगत परत जातात. जून उजाडल्यावर, कामकाजाच्या दिवशी, सव्वाअकराला किंवा चार वाजून गेल्यावर जावे. सुट्टे पैसे न्यावेत. तिथल्या खोक्याला बहुतेक वेळा रेंज नसते.