पाणी गेलं, पत्ते राहिले

सॉल्ट लेकमध्ये पहिल्याच संध्याकाळी रिक्षावाल्याने विचारलं, "कोन टँक?" आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. पत्ता आमच्याकडे चोख होता: सेक्टर, ब्लॉक, घराचा नंबर. पण ब्लॉकची ती दोन-दोन इंग्रजी अक्षरं पोस्टमनसाठी. माणसं इथे पाण्याच्या टाकीवरून घर सांगतात. चार नंबर टाकी, आठ नंबर टाकी, तेरा नंबर टाकी. आणि रस्त्यावरचे गोल चौक म्हणजे 'आयलंड': लाबणी आयलंड, बैशाखी आयलंड. तळं बुजवून वसवलेल्या गावाने चौकाला बेट म्हणावं आणि घराची खूण टाकीवरून द्यावी, यात रिक्षावाल्याला काही विशेष वाटायचं कारण नव्हतं. मला ती गंमत चार दिवस पुरली.

कालव्यांचं जुनं शहर निवांत बघायचं तर जोडपी व्हेनिसला जातात. आमची उडी कोलकात्यापर्यंत. त्यातही हावडा पुलाकडून न शिरता आम्ही पूर्वेच्या टोकाकडून शिरलो, म्हणजे कविता शेवटच्या कडव्यापासून वाचायला घेतली. ते बरंच झालं. माझ्या नवऱ्याची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. नवं गाव दिसलं की तो देऊळ शोधत नाही, उतार शोधतो. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता त्याने निकाल दिला, "नदी पश्चिमेला आणि उतार पूर्वेला. या गावाची नदीकडे पाठ आहे."

ही एवढी ओळ कळली की कोलकात्याचे कालवे आपोआप उलगडतात. हुगळीने वर्षानुवर्षं आपल्याच काठावर गाळ टाकून काठ उंच केला, म्हणून शहराचं पाणी नदीकडे न जाता मागच्या खाऱ्या खाजणाकडे धावतं. त्याच दिशेने माणसाने खाल काढले. खाल म्हणजे कालवा. १७७५ ते १७७७ या काळात टॉली नावाच्या फौजी इंग्रजाने दक्षिणेकडचा नाला काढला. आज त्याच्या पात्रात मेट्रोचे खांब उभे आहेत. एकोणिसाव्या शतकात सर्क्युलर कालवा झाला, १८५९ मध्ये न्यू कट, १९१० मध्ये केष्टोपूर खाल. सुंदरबनातून आणि पूर्व बंगालातून तांदूळ, ताग, लाकूड या वाटांनी होड्यांत भरून येई. सॉल्ट लेकच्या वेशीवरचं उल्टाडांगा हे नावसुद्धा दुरुस्तीसाठी उलट्या घातलेल्या डिंग्यांवरून पडलं असं सांगतात. तिथल्या उड्डाणपुलाखाली ट्रॅफिकमध्ये अडकलो असताना मी पालथ्या होड्यांची रांग मनातल्या मनात मांडून पाहिली. वेळ बरा गेला.

सॉल्ट लेकचं स्वतःचं कडवं अगदी अलीकडचं. फाळणीनंतर शहर माणसांनी फुगलं, तेव्हा मुख्यमंत्री बिधानचंद्र रॉय यांनी हे खाजण बुजवायला घेतलं. १९६२ मध्ये भराव सुरू झाला आणि त्याच वर्षी १ जुलैला रॉय गेले. म्हणून सरकारी नाव बिधाननगर. रिक्षावाला मात्र सॉल्ट लेकच म्हणतो. भराव कसला, तर हुगळीचाच गाळ, पाण्यात कालवून, लांबलचक नळांतून आणून ओतलेला. व्हेनिसवाल्यांनी खाजणात लाकडी खांब रोवले, त्यांवर घरं बांधली आणि पाणी राहू दिलं. इथे नदी उचलून तळ्यावर ओतली. नवऱ्याला यातलं यंत्र आवडलं, मला त्यातली क्रूर कल्पकता. कोणाचं बरोबर यावर आम्ही एक अख्खी दुपार भांडलो.

नगराचा आराखडा बेलग्रेडच्या डोब्रिवोये तोश्कोविच यांचा. तो वाचायला सोपा आहे, थोडा जास्तच सोपा. रस्ते सपाट, वळणं शहाणी, झाडी दाट, ब्लॉकच्या पोटात मैदान. नवी मुंबईच्या सेक्टरांतून फिरलेल्या माणसाला इथे परकं वाटत नाही. नवी मुंबईची कल्पना मांडणाऱ्या तिघांपैकी एक, चार्ल्स कोरिया, त्यांचंही एक काम इथे आहे: २००४ मध्ये उघडलेलं सिटी सेंटर. मॉल म्हणून मी नाक मुरडणार होते. पण त्याच्या मधोमध पायऱ्या-पायऱ्यांचा खोलगट चौक आहे आणि त्याला नाव दिलंय 'कुंड'. संध्याकाळी पायऱ्यांवर कॉलेजची पोरं, म्हातारी जोडपी आणि आमच्यासारखे कंटाळलेले पाहुणे, सगळे काही न घेता तासन् तास बसलेले. माझ्या मते या गावात बुजलेल्या पाण्याला सर्वांत नेमकी दाद कोरियांनीच दिली आहे.

खरं पाणी बघायला मात्र कडेला जावं लागतं. लेक टाउनच्या बाजूला केष्टोपूर खालावर पायी जायचे पूल आहेत. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्यातल्या एकावर आम्ही उभे राहिलो. खाली पाणी काळं, जवळजवळ हलत नसलेलं. कडेने जलपर्णी, तिच्यात अडकलेलं थर्माकोल, विटक्या झेंडूची माळ आणि एका पायाची चप्पल. वास येत होता. तो लपवून हे रसग्रहण गोड करण्यात अर्थ नाही. पुलावरून सायकली हाताने ढकलत माणसं घरी चालली होती. पलीकडे व्हीआयपी रोडवर लंडनच्या बिग बेनची धाकटी नक्कल उभी आहे, तिचे दिवे लागले आणि ते काळ्या पाण्यात उतरले. नवरा म्हणाला, "घड्याळ लंडनचं, कालवा व्हेनिसचा, वास आपल्या मुठेचा." मग तो खाली वाकून प्रवाह कुठल्या दिशेला आहे ते बघत बसला. थर्माकोलचा एक तुकडा हातभर सरकला. पूर्वेला.

त्या पूर्वेला काय होतं ते चौथ्या दिवशी पाहिलं. खाजणाचा जो भाग बुजला नाही, त्यात शहराचं सांडपाणी उथळ तळ्यांत सोडतात. त्यांना भेडी म्हणतात. ऊन आणि शेवाळ मिळून पाणी निवळतात, आणि त्यावर मासे पोसतात. २००२ पासून साडेबारा हजार हेक्टरांचा हा पाणथळ प्रदेश रामसर यादीत आहे. नवरा इथे जितका खूश झाला तितका ताजमहालासमोरही झाला नव्हता. दुपारच्या जेवणात मासा कुठला हे मी विचारलं नाही.

शेवटची ओळ आपल्यासाठी, मराठी वाचकांसाठी आहे. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांची फौज भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालात शिरली. सरकारी घोड्यावरचा स्वार तो आपला बारगीर. बंगालीत त्याचा झाला बर्गी, आणि तिथल्या आया अजून त्याच्या नावाने मुलं निजवतात. कोलकातावाल्यांनी घाबरून शहराभोवती सात मैलांचा खंदक खणायला घेतला. तीन मैल झाला, मराठे आलेच नाहीत, काम थांबलं. १७९९ मध्ये बराचसा खंदक बुजवून सर्क्युलर रोड केला. म्हणजे पाणी खणायचं, मग बुजवून नाव ठेवायचं, हा सॉल्ट लेकचा शिरस्ता त्याच्या दोनशे वर्षं आधीचा, आणि त्याला निमित्त आपण. याच बंगालात सखाराम गणेश देऊस्करांनी १९०४ मध्ये बंगालीत 'देशेर कथा' लिहिलं आणि त्याच साली रवींद्रनाथांनी शिवाजीवर कविता लिहिली, हेही त्याच पानावर वाचायला हवं.

परतीच्या सकाळी बागबाजारात मराठा डिच लेनमध्ये उभे होतो. चहावाल्याने विचारलं, कुठून आलात? महाराष्ट्रातून, म्हटलं. त्याने मातीच्या भांड्यातला चहा पुढे केला आणि पैसे मोजून घेतले. तुम्ही गेलात तर श्यामबाजार मेट्रोला उतरा, तिथून चालत जाण्यासारखं आहे.