इंग्रजीतील लष्करी शब्द आणि येस्पर्सनचा निष्कर्ष

इंग्रजीच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती ऑटो येस्पर्सन या डॅनिश पंडिताचा ‘ग्रोथ अँड स्ट्रक्चर ऑफ द इंग्लिश लँग्वेज’ हा ग्रंथ अजूनही प्रथम येतो. १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात फ्रेंच शब्दांविषयी एक प्रकरण आहे. सैन्याशी संबंधित शब्दांची एक लांबलचक यादी त्यात दिलेली असून, १०६६ च्या विजयानंतर लष्करी बाबतीत नॉर्मन हेच स्वामी होते, म्हणून हे शब्द इंग्रजीत आले, असा तिचा अर्थ लावला आहे. हा अर्थ इतका सोपा व आकर्षक आहे, की पाठ्यपुस्तकांतून तो जवळजवळ स्वयंसिद्ध म्हणून सांगितला जातो. तो कितपत टिकतो, हे तपासणे अगत्याचे आहे. कारण उसन्या शब्दांवरून राजकीय इतिहास वाचण्याची रीत मराठीच्या अभ्यासातही रूढ आहे.

येस्पर्सनच्या म्हणण्यात तथ्य नाही, असे नाही. जुन्या इंग्रजीत सैन्याला ‘हेरे’ व ‘फिर्ड’ असे दोन शब्द होते. जुन्या बखरींत पहिला बहुधा चालून आलेल्या डेन लोकांच्या सैन्याला, तर दुसरा राजाने आपल्या प्रजेतून उभारलेल्या सैन्याला लावलेला आढळतो. हे दोन्ही शब्द लोपले. ‘हेरे’ची खूण आज ‘हार्बर’, ‘हॅरी’ हे क्रियापद आणि हेरफर्ड हे गावाचे नाव यांतच काय ती उरली आहे. बाराव्या शतकाच्या मध्याला ‘वॉर’ हा शब्द लेखनात दिसू लागतो. त्यामागून ‘बॅटल’, ‘सार्जंट’, ‘सोल्जर’ आणि अखेर चौदाव्या शतकात ‘आर्मी’ येतो. येथवर स्वामित्वाचे स्पष्टीकरण पुरते. तथापि ‘नाइट’ हा शब्द मुळात मुलगा किंवा सेवक या अर्थाचा देशी शब्द असून, घोडेस्वार सरदाराचे नाव म्हणून तोच टिकला. फ्रेंच ‘शेव्हालिए’ने त्याला हुसकावले नाही. ‘सोर्ड’, ‘शील्ड’, ‘स्पिअर’, ‘बो’ हेही देशीच राहिले. ‘वॉर’ हा शब्द तर मूळचाच जर्मानिक आहे. फ्रेंचांनी तो फ्रँक लोकांकडून घेतला व नॉर्मनांनी इंग्लंडात आणला.

खरी अडचण कालक्रमाची आहे. येस्पर्सनच्या यादीत ‘हॉबर्क’ आणि ‘ड्रॅगून’ हे शब्द शेजारधर्माने नांदतात. यांपैकी पहिले मध्ययुगीन चिलखताचे नाव आहे, तर दुसरे सतराव्या शतकातील बंदूकधारी स्वाराचे. ‘ट्रूप’ व ‘कटलस’ सोळाव्या शतकाच्या मागे जात नाहीत. ‘कॅप्टन’ व ‘कर्नल’ हे नंतरचे होत, एवढी सूचना येस्पर्सन कंसात देतो; परंतु त्या सूचनेचा परिणाम निष्कर्षावर होऊ देत नाही. नवल असे, की याच प्रकरणात त्याने न्यू इंग्लिश डिक्शनरीच्या तोवर निघालेल्या भागांतून एक हजार फ्रेंच शब्द घेऊन त्यांच्या प्रथम प्रयोगाचा काळ कोष्टकात मांडला आहे. ज्याने तारखांचे महत्त्व इतक्या चोखपणे ओळखले, त्याने लष्करी यादीला मात्र तारखा लावल्या नाहीत.

त्या लावल्या, की चित्र पालटते. ‘कर्नल’, ‘इन्फंट्री’, ‘कॅव्हल्री’, ‘बटॅलियन’, ‘स्क्वॉड्रन’, ‘सेंटिनल’ हे सारे सोळाव्या शतकातील शब्द होत, आणि त्यांचे मूळ इटालियन आहे. फ्रेंच ही त्यांची केवळ वाट होती. त्या काळी इंग्लंडवर कोणा फ्रेंचाचे राज्य नव्हते. १४९४ पासून १५५९ पर्यंत इटलीत जी युद्धे झाली, त्यांत तोफा, तटबंदी व शिस्तबद्ध पायदळ यांची नवी विद्या घडली. तिची नावे तिच्या ग्रंथांबरोबर देशोदेशी गेली. ‘कर्नल’ हा शब्द याची साक्ष देतो: तो ‘कोरोनेल’ या रूपाने तोंडी आला, पुढे इटालियन ग्रंथांच्या वळणाने त्याचे लेखन बदलले, आणि उच्चारातला ‘र’ मात्र तसाच राहिला.

केवळ प्रथम प्रयोगाची तारीखही पुरेशी नाही. ‘रेजिमेंट’ हा शब्द चौदाव्या शतकात आला तो राज्य किंवा शासन या अर्थाने. १५५८ साली जॉन नॉक्सने स्त्रियांच्या राज्याविरुद्ध लिहिलेल्या पुस्तिकेच्या नावात तो याच अर्थाने आहे. सैन्याच्या तुकडीचा अर्थ त्याला त्यानंतर चिकटला. शब्द एका शतकाचा आणि लष्करी अर्थ दुसऱ्या शतकाचा असल्यास, स्वामित्वाचा पुरावा म्हणून तो कोणत्या शतकाच्या खाती जमा करावयाचा?

पुढचे थर याहून बोलके आहेत. ‘फर्लो’ व ‘टॅटू’ हे शब्द सतराव्या शतकात डचांकडून आले. ‘प्लंडर’ हा त्याच शतकात जर्मनांकडून आला. डच वा जर्मन इंग्लंडचे स्वामी नव्हते. इंग्रज शिपाई त्यांच्या भूमीवर, त्यांच्या बरोबरीने किंवा त्यांच्या पगारावर लढत होते. अठराव्या शतकात तर दिशाच उलटते. ‘सिपॉय’, ‘हवालदार’, ‘जमादार’, ‘सुभेदार’ हे शब्द राज्यकर्त्यांनी प्रजेकडून उचलले. मात्र उचलताना त्यांची पायरी उतरवली. मोगली व्यवस्थेत प्रांताचा अधिपती असलेला सुभेदार कंपनीच्या फौजेत कनिष्ठ गोऱ्या अधिकाऱ्याच्याही खाली उभा राहिला. म्हणजे स्वामित्वाचे चिन्ह शब्द कोणाकडून आला यापेक्षा तो कोणत्या पायरीवर बसवला, यात अधिक स्पष्ट दिसते.

मराठीचा दाखला हेच सांगतो. ‘फौज’, ‘लष्कर’, ‘सरनोबत’ हे शब्द मुसलमानी सत्तेच्या काळात आले, हे खरे. १६७४ च्या राज्याभिषेकसमयी ‘सरनोबत’चा ‘सेनापती’ झाला, आणि शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. तरीही ‘हवालदार’ गेला नाही. मराठ्यांची सत्ता वाढली तेव्हाही फार्सी शब्द नांदतच राहिले. उलट ‘गारदी’, ‘कंपू’, ‘पलटण’ हे युरोपीय मूळाचे शब्द मराठीत शिरले, ते मराठे कोणाचे अंकित होण्यापूर्वी. महादजी शिंदे यांनी १७८४ पासून द बॉयन याच्याकरवी कवायती पलटणी उभारल्या. त्या व्यवहारात धनी शिंदे होते आणि द बॉयन त्यांचा चाकर. येस्पर्सनचा नियम येथे लावला, तर धनी व चाकर यांची अदलाबदल करावी लागेल.

यावरून नॉर्मन विजयाचा परिणाम नाकारावयाचा नाही. त्या विजयाने फ्रेंचचा दरवाजा उघडला, आणि पुढील कित्येक शब्द त्याच दरवाजातून आले. परंतु दरवाजा उघडा असणे आणि पाहुणा येण्याचे कारण असणे, या दोन गोष्टी निराळ्या आहेत. लष्करी शब्द सत्तेमागून येतो, तसाच तो विद्येमागून, पगारामागून आणि सहवासामागूनही येतो. यांपैकी कोणत्या कारणाने तो आला, हे यादीवरून कळत नाही. प्रत्येक शब्दाचा काळ, त्याचा त्या काळचा अर्थ आणि तो कोणाच्या तोंडी होता, हे पाहूनच ते ठरवावे लागते. मराठीतील फार्सी शब्दांच्या याद्या पराभवाचा पुरावा म्हणून पुढे मांडण्यापूर्वी हीच तपासणी होणे आवश्यक आहे.